दोन वर्षांचा पाहुणा, वीस वर्षांचे पॅनेल : केनियातील छोट्या सौरविजेची कथा (थ्रेड)

१/ साल १९८४. पूर्व आफ्रिकेत, माउंट केनियाच्या परिसरातील कारामुगी येथील एका माध्यमिक शाळेपुढे साधाच, पण खर्चिक प्रश्न उभा होता. विषुववृत्तालगत वर्षभर संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास अंधार पडतो आणि अंधार पडला की अभ्यास थांबे. विजेच्या तारा तिथवर आलेल्या नव्हत्या. शाळेने डिझेल जनरेटर घेण्याचा विचार चालवला होता. तो घेतला गेला नाही. त्याऐवजी छपरावर काचेची निळी पॅनेल चढली. केनियातील घरगुती सौरविजेचा इतिहास सांगणारे अभ्यासक आरंभ करतात तो बहुधा याच शाळेपासून.

२/ शाळेचे नाव 'कारामुगी हारांबी माध्यमिक शाळा'. यातील 'हारांबी' हा शब्द महत्त्वाचा. स्वाहिली भाषेत त्याचा भावार्थ 'सगळे मिळून ओढूया'. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर जोमो केन्याटा यांनी या शब्दाला राष्ट्रीय घोषणेचे स्थान दिले. सरकार जिथे पोहोचत नाही तिथे गावाने पैसे आणि श्रम गोळा करून शाळा, दवाखाना उभारायचा, अशी ती रीत. मराठी वाचकाला लोकवर्गणी आणि श्रमदान हे शब्द इथे आठवतीलच. म्हणजे जनरेटर असो की पॅनेल, पैसा पालकांच्या खिशातला होता. निवड चुकली असती तर भुर्दंड कोणा परदेशी देणगीदाराला नव्हे, कॉफीच्या मळ्यात राबणाऱ्या कुटुंबांना पडला असता.

३/ या शाळेत विज्ञान शिकवायला एक अमेरिकन तरुण आला होता : मार्क हँकिन्स. 'पीस कोअर' या संस्थेचा स्वयंसेवक. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेली ही संस्था अमेरिकन नागरिकांना साधारण दोन वर्षांसाठी विकसनशील देशांत पाठवते. शीतयुद्धाच्या काळात जन्मलेल्या या उपक्रमामागे राजकारण होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खेड्यातल्या शाळेत प्रत्यक्ष राहणाऱ्या शिक्षकाला वॉशिंग्टनच्या धोरणापेक्षा वर्गातला अंधार अधिक जवळचा असतो.

४/ हँकिन्सची गाठ पडली ती हॅरॉल्ड बरिस या दुसऱ्या अमेरिकनाशी. बरिस व्यवसायाने अभियंता आणि एकेकाळी स्वतःही पीस कोअरचा स्वयंसेवक. त्याने केनियात 'सोलर शांबा' नावाचा छोटा व्यवसाय थाटला होता. 'शांबा' म्हणजे शेत किंवा वावर. तेव्हा दुकानाचे नाव मराठीत 'सूर्याचे वावर' असे होईल. शाळेने जनरेटरऐवजी सौरवीज घ्यावी, हे या दोघांनी शाळेच्या चालकांना पटवून दिले.

५/ पटवणे सोपे नव्हते. जनरेटर विकत घ्यायला त्या मानाने स्वस्त, पण पोसायला महाग. त्याला डिझेल लागते, ते दूरच्या गावाहून आणावे लागते, भाव वाढतात, यंत्र बिघडले की मेकॅनिक शोधत फिरावे लागते. पॅनेलचा व्यवहार नेमका उलटा. सगळा पैसा पहिल्याच दिवशी मोजायचा, नंतर इंधनाचा खर्च शून्य. आज ही गोष्ट शाळकरी मुलालाही माहीत आहे. १९८४ मध्ये मात्र सौर पॅनेल म्हणजे उपग्रहांवर, समुद्रातल्या दीपबोयांवर किंवा निर्जन डोंगरावरच्या दूरसंचार केंद्रांवर बसवायची वस्तू. ती आपल्या गावातल्या शाळेच्या छपरासाठी आहे, हे कोणी सांगितले तर शंका येणे स्वाभाविकच.

६/ प्रत्यक्ष सामग्री साधी होती. दिवसा पॅनेल बॅटरी भरते, रात्री त्या बॅटरीवर बारा व्होल्टच्या छोट्या ट्यूब लागतात. मध्ये वायर, बटणे, फ्यूज. आवाज नाही, धूर नाही. वर्गांत दिवे लागले आणि पुढे जे घडले ते कोणत्याही प्रकल्प-अहवालात आधी लिहिलेले नव्हते. शाळेतले दिवे पाहून शिक्षकांनी स्वतःच्या घरासाठी तसेच दिवे मागितले.

७/ हे शिक्षक म्हणजे खेड्यातला नियमित पगार मिळणारा वर्ग. त्यांच्या घरी रॉकेलचे कंदील होते, रेडिओसाठी सेल लागत, म्हणजे प्रकाशावर आणि करमणुकीवर त्यांचा पैसा आधीच खर्च होत होता. त्यांनी पाहिले, हिशेब केला आणि वस्तू मागितली. शाळेचा दिवा हीच जाहिरात ठरली.

८/ पण या कथेत एक अडचण पहिल्या दिवसापासून लपलेली होती. पीस कोअरचा स्वयंसेवक साधारण दोन वर्षांनी परत जातो. पॅनेल नीट राखले तर वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक टिकते. बॅटरी मात्र दोन-चार वर्षांतच थकते, आणि तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घातले नाही तर त्याही आधी मरते. मग उरलेल्या अठरा वर्षांत त्या दिव्याकडे पाहणार कोण? विकसनशील देशांतल्या कित्येक सौरप्रकल्पांचा घात याच प्रश्नाने केला आहे. फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात, आणि काही वर्षांनी छपरावर पॅनेल चमकत असते, खाली घरात पुन्हा चिमणी जळत असते.

९/ हँकिन्स आणि बरिस यांचे मोठेपण पहिल्या शाळेत नाही, त्यानंतरच्या पावलात आहे. अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेकडून, म्हणजे यूएसएडकडून, थोडा निधी मिळवून १९८५ मध्ये त्यांनी आणखी तीन शाळांत सौरवीज बसवण्याचे काम हाती घेतले. पण बसवण्याचे काम प्रशिक्षण म्हणून करायचे, असे ठरवून. स्थानिक इलेक्ट्रिशियन आणि तरुणांनी हातात पाने-पकडी घेऊन शिकायचे. शाळा उजळल्या हे खरे. पण त्या निधीतून निघालेले खरे पीक म्हणजे ती माणसे.

१०/ हे तंत्रज्ञ काय शिकले? पॅनेल कोणत्या दिशेला, किती कलते बसवायचे. बारा व्होल्टच्या जोडणीत वायर बारीक किंवा फार लांब असेल तर वीज वाटेतच कशी जिरते. दिवे किती तास लावले तर बॅटरी पार रिकामी होते. मोटारीची बॅटरी गाडी सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी घडवलेली असते. ती रोज रात्री तळापर्यंत उपसली तर लवकर निकामी होते. केनियाच्या खेड्यात मिळायची ती बहुधा हीच बॅटरी. तेव्हा ग्राहकाला घरी जाऊन 'आज ढग होते, तेव्हा टीव्ही लवकर बंद करा' असे सांगणे हेही तंत्रज्ञाचेच काम. गावच्या भाषेत बोलणारा माणूसच ते सांगू शकत होता.

११/ आणि मग या कथेत टीव्ही आला.

१२/ माउंट केनियाच्या उतारांवर चहा-कॉफी पिकवणाऱ्या कुटुंबांकडे हाती पैसा येई. टीव्हीचे प्रक्षेपण त्यांच्या गावांपर्यंत पोहोचले होते, विजेच्या तारा नव्हत्या. लोकांनी त्यावर आपला उपाय आधीच शोधला होता. मोटारीच्या बॅटरीवर छोटा कृष्णधवल टीव्ही चालवायचा. बॅटरी उतरली की ती सायकलवर किंवा मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीत, टाकून बाजारगावी चार्ज करून आणायची. शिशाने भरलेली ती जड बॅटरी, तिच्यातून कपड्यांवर सांडणारे आम्ल आणि दर फेरीला मोजावे लागणारे पैसे. सौर पॅनेलने या घरांत 'वीज' आणली असे म्हणणे म्हणूनच पुरते खरे नाही. वीज होतीच, पॅनेलने बॅटरीची पायपीट वाचवली.

१३/ १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात अमॉर्फस सिलिकॉनची छोटी, स्वस्त पॅनेल आली. क्षमता दहा-बारा वॅट. पाश्चात्त्य तज्ज्ञांच्या दृष्टीने ही खेळणीच. पण त्यांच्यामुळे तुकड्यातुकड्याने खरेदी शक्य झाली. यंदा कॉफीचे पैसे आले की बॅटरी आणि टीव्ही, पुढच्या हंगामात पॅनेल, त्यानंतर दोन ट्यूब. मोठ्या प्रकल्पांचे 'संपूर्ण संच' या पद्धतीने विकले जात नव्हते. शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामी असते, हे दुकानदाराला ठाऊक होते.

१४/ १९९६ मध्ये रिचर्ड ॲकर आणि डॅनियल कॅमन या संशोधकांनी केनियातील या घडामोडींवर लेख लिहिला, तेव्हा शीर्षकातच त्यांनी तिला 'शांत ऊर्जाक्रांती' म्हटले. १९९० चे दशक सरता सरता केनियात विकल्या गेलेल्या घरगुती सौरसंचांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली होती, आणि यातले बहुतेक संच लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतले होते. त्या काळी केनियाच्या ग्रामीण भागातील अगदी थोड्या घरांत तारांची वीज होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

१५/ याच दशकात शेजारच्या विभागात एक वेगळा प्रयोग झाला. झिम्बाब्वेत जागतिक पर्यावरण निधी आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने सुमारे सत्तर लाख डॉलर ओतून ९,००० सौरसंच बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. संच बसले. उद्दिष्टाच्या वहीत टिचकी पडली. पण निधीच्या ओढीने उगवलेल्या कित्येक छोट्या कंपन्या निधी आटताच मिटल्या, आणि त्यांच्याबरोबर दुरुस्तीची हमीही गेली. इथे हेतूत खोट नव्हती, पैशाची चणचण नव्हती. केनियात गिऱ्हाईक आधी आले आणि दुकान नंतर. झिम्बाब्वेत निधी आधी आला आणि दुकान त्याच्या मागे धावत आले.

१६/ अटलांटिकच्या पलीकडे, कॅरिबियन बेटांतल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्येही १९८४ मध्येच असाच आरंभ झाला होता. रिचर्ड हॅन्सन या अमेरिकन अभियंत्याने बेला व्हिस्ता या गावी घरगुती सौरवीज बसवली आणि 'एनरसोल' ही ना-नफा संस्था काढली. तिथेही पीस कोअरचे स्वयंसेवक साथीला होते, तिथेही स्थानिक तंत्रज्ञ घडवले गेले. हॅन्सनची विशेष भर म्हणजे फिरता निधी. थोड्या बीजभांडवलातून काही घरांना कर्जाने संच द्यायचा. ते कुटुंब रॉकेल, सेल आणि बॅटरी चार्जिंगवर जे खर्च करत होते त्याच्याच आसपास मासिक हप्ता ठेवायचा. हप्ते जमले की पुढच्या घराला संच. आपल्याकडच्या बचत गटाच्या बायकांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

१७/ या विखुरलेल्या प्रयोगांची एकमेकांशी ओळख करून देण्याचे काम पुन्हा हँकिन्सनेच केले. तो केनियातच राहिला; दोन वर्षांच्या पाहुण्याने तिथे आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. १९९३ मध्ये त्याने डॉमिनिकन रिपब्लिक, केनिया, श्रीलंका आणि झिम्बाब्वे या चार देशांतील ग्रामीण सौरविजेचा तुलनात्मक अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. ते प्रसिद्ध केले 'सोलर इलेक्ट्रिक लाइट फंड' या वॉशिंग्टनमधील संस्थेने. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात काम केलेल्या नेव्हिल विल्यम्स यांनी ती १९९० मध्ये स्थापली होती. आफ्रिकेतील तंत्रज्ञांसाठी हँकिन्सने लिहिलेले सौरविजेचे हस्तपुस्तकही याच काळातले. आकृत्यांनी भरलेले, कार्यशाळेत टेबलावर उघडे ठेवण्याजोगे.

१८/ याच प्रवाहाचा एक फाटा भारतात येतो. खरगपूरच्या आयआयटीतून अमेरिकेत शिकायला गेलेले हरीश हांडे सौरऔष्णिक ऊर्जेवर संशोधन करत होते. डॉमिनिकन रिपब्लिकच्या भेटीत त्यांनी गरीब घरांतले सौरदिवे पाहिले, आणि त्या दिव्यांचे पैसे ती घरे स्वतः मोजतात हेही पाहिले. त्यांनी संशोधनाचा विषयच बदलला आणि श्रीलंकेच्या खेड्यांत जाऊन राहिले. १९९५ मध्ये विल्यम्स यांच्या साथीने त्यांनी कर्नाटकात 'सेल्को' ही कंपनी काढली. ग्रामीण बँकांना सौरदिव्यासाठी कर्ज द्यायला राजी करणे आणि दिवा बिघडल्यास घरी माणूस पाठवणे, हे तिचे दोन खांब. फेरीवाल्याला महिन्याचा हप्ता जड जातो, तीच रक्कम रोजच्या रोज थोडी थोडी देता येते, ही बारकाई त्यांनी रस्त्यावरच शिकली. हांडे यांना २०११ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९/ पण केनियाची कथा अशी गोड शेवटाकडे जात नाही. बाजार वाढला की बाजारातले दोषही वाढतात. अमॉर्फस सिलिकॉनला एक जन्मजात खोड आहे : उन्हात ठेवल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्याची क्षमता घटते आणि मग स्थिरावते. डेव्हिड स्टेब्लर आणि क्रिस्टोफर रॉन्स्की यांनी १९७७ मध्ये हा परिणाम नोंदवला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रामाणिक उत्पादक लेबलवर घट झाल्यानंतरची क्षमता छापतो. पण मेरूच्या बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला लेबल खरे की खोटे, हे कळणार कसे? त्याच्याकडे मोजमापाचे साधन नव्हते. दिवा मंद लागला तर दोष ढगांचा, बॅटरीचा की पॅनेलचा, हे दुकानदारालाही नेमके सांगता येत नसे.

२०/ इथे दुसऱ्या पिढीचे साहाय्यक दिसतात. ते दिवे बसवायला आले नाहीत, दिवे तपासायला आले. आर्न जेकबसन, रिचर्ड ड्यूक आणि कॅमन यांनी केनियातील सहकाऱ्यांबरोबर बाजारातली पॅनेल घेऊन मोजली. १९९९ च्या चाचण्यांत एका उत्पादकाची पॅनेल छापील क्षमतेच्या बरीच खाली भरली. निष्कर्ष लपवले गेले नाहीत. ते व्यापाऱ्यांपर्यंत आणि उत्पादकापर्यंत पोहोचले, आणि त्या उत्पादनात सुधारणा झाली. पण काही वर्षांत नवी निकृष्ट पॅनेल बाजारात उतरली, २००४-०५ मध्ये पुन्हा चाचण्या कराव्या लागल्या. अखेर केनियाच्या मानक संस्थेने नियम लागू करण्याकडे लक्ष वळवले. एकदा तपासून भागत नाही, तपासणाऱ्यालाही तिथेच ठाण मांडावे लागते. म्हणजे आठव्या पोस्टमधला प्रश्न निराळ्या वेषात परत आला होता.

२१/ जेकबसन यांनी आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदवली. सौरवीज पोहोचली होती ती प्रामुख्याने ग्रामीण मध्यमवर्गात : शिक्षक, छोटे व्यापारी, बऱ्यापैकी शेती असलेले. खऱ्या गरिबांच्या झोपडीत नाही. आणि ज्या घरात ती पोहोचली तिथेही बॅटरीतली मोजकी वीज बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीकडे जाई. स्वयंपाकघर कित्येक घरांत मुख्य घरापासून वेगळे असे आणि तिथे कंदीलच उरे. मुलांच्या अभ्यासाचे चित्र प्रत्येक देणगीपत्रकावर छापलेले असते, पण अभ्यासाच्या दिव्याला अनेकदा टीव्हीनंतर उरेल तेवढीच वीज मिळे. 'शांत क्रांती' खरी होती. ती कोणाच्या खोलीत झाली, हा तपशील मात्र गौरवग्रंथांतून सहसा गळतो.

२२/ स्वयंपाकघराचा हा अंधार लक्षात घेतला की राजस्थानातील तिलोनियाच्या प्रयोगाचे मोल कळते. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या 'बेअरफुट कॉलेज'ने खेड्यातल्या अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना सौरतंत्रज्ञ बनवायला घेतले. पुढे भारत सरकारच्या तांत्रिक सहकार्य योजनेच्या आधाराने आफ्रिकेतील अनेक देशांतल्या स्त्रियाही सहा महिन्यांसाठी तिथे येऊ लागल्या. भाषा सामाईक नाही, म्हणून खुणा आणि सुट्या भागांचे रंग यांवर शिक्षण. आजीच्या वयाच्या स्त्रियांना प्राधान्य, कारण तरुण माणूस प्रमाणपत्र हाती आले की शहर गाठतो. नातवंडांची आजी गावातच राहते. दोन वर्षांचा पाहुणा आणि वीस वर्षांचे पॅनेल या गणिताला याहून रोखठोक उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. प्रत्येक गावात त्यांना सारखेच यश आले असे नाही, पण विचाराची दिशा नेमकी होती.

२३/ दरम्यान दिवाच बदलला. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्ह अर्विन-हॅलिडे १९९७ मध्ये नेपाळच्या डोंगरांत भटकंती करत असताना त्यांना अंधाऱ्या वर्गखोल्या दिसल्या. परतल्यावर त्यांनी जपानच्या निचिया कंपनीचे पांढरे एलईडी घेऊन प्रयोग केले. एका वॅटच्या आसपास खर्चून पुस्तक वाचण्याजोगा प्रकाश मिळतो, हे त्यांच्या ध्यानी आले. शुजी नाकामुरा यांच्या ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले त्याला पुढे २०१४ मध्ये नोबेल मिळाले. अर्विन-हॅलिडे यांच्या 'लाइट अप द वर्ल्ड' या उपक्रमाने स्वयंसेवकांच्या बळावर नेपाळ, श्रीलंका, भारत अशा देशांत एलईडी दिवे नेले. बारा वॅटचे पॅनेल एकदम मोठे वाटू लागले. आता तळहाताएवढे पुरत होते, आणि त्याबरोबर किंमतही झोपडीच्या आवाक्याकडे सरकली.

२४/ मात्र खोट्या लेबलाची कथा पुन्हा तशीच घडली. २००० च्या दशकाच्या अखेरीस केनियाच्या बाजारात स्वस्त एलईडी टॉर्च लोटले आणि बरेचसे थोड्याच दिवसांत बंद पडले. एकदा फसलेला गिऱ्हाईक पुढे चांगला दिवाही हाती घेत नाही. जागतिक बँक गटाने २००७ मध्ये 'लाइटिंग आफ्रिका' हा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या गुणवत्ता-चाचण्या उभारण्यात जेकबसन आणि कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट विद्यापीठातील त्यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. कारामुगीत हातात पकड घेऊन सुरू झालेले काम आता प्रकाशमापकापर्यंत आले होते.

२५/ त्याच वर्षी केनियात 'एम-पेसा' ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली. तिच्या घडणीत सहभागी असलेले निक ह्यूज यांच्यासह काहींनी पुढे 'एम-कोपा' ही कंपनी काढली. २०१२ पासून ती हप्त्याने सौरसंच विकू लागली. थोडी रक्कम आगाऊ, मग रोजचे किरकोळ पैसे मोबाइलवरून. पैसे थांबले की संचातले सिम त्याला दुरूनच कुलूप लावते. बेला व्हिस्ताचा फिरता निधी आणि फेरीवाल्याचा रोजचा हप्ता हीच ती जुनी कल्पना. फरक एवढाच की पूर्वी हप्ता चुकला तर वसुली करणारा शेजारीच असे, आणि पीक बुडाले हे त्याला सांगता येत असे. सिमला ते सांगता येत नाही.

२६/ नव्या दिव्यांत आणखी एक बदल झाला होता. मेरूच्या तंत्रज्ञाला बॅटरी वेगळी, वायर वेगळी, ट्यूब वेगळी दिसायची. त्यातले काय बिघडले ते शोधून तेवढेच बदलता यायचे. नवा कंदील चिकटवलेल्या प्लास्टिकच्या कवचात बंद असतो. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, पॅनेल मात्र शाबूत राहते. भारतात मुंबईच्या आयआयटीने हा धोका ओळखून आपल्या 'सोल' उपक्रमाची आखणी केली होती. २०१४ ते २०१६ या काळात मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि ओडिशात विद्यार्थ्यांना दहा लाख अभ्यासाचे दिवे प्रत्येकी १२० रुपयांत देण्यात आले. दिव्यांची जुळणी ग्रामीण भागातल्याच लोकांनी केली आणि दुरुस्तीची केंद्रेही जवळपास उघडली गेली. अर्थात केंद्र चालवायला पगार लागतो आणि उपक्रमाला मुदत असते.

२७/ जेमी क्रॉस आणि डेक्लन मरे यांनी २०१८ मध्ये केनियातील बोमेट भागातल्या बिघडलेल्या सौरदिव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेले दिवे बहुतेक घरांनी फेकून दिलेले नव्हते. कुणीतरी दुरुस्त करून देईल या आशेने ते घरातच ठेवलेले होते. आणि बाजारपेठेत रेडिओ व मोबाइल दुरुस्त करणारे कारागीर ते चिकटवलेले कवच उघडून, एका मेलेल्या दिव्याचे भाग दुसऱ्यात घालून, त्यातले काही पुन्हा पेटते करत होते. त्यांना कोणी प्रशिक्षण दिलेले नव्हते, कोणत्याही कंपनीने सुटे भाग पुरवलेले नव्हते.